आपलेच दात, आपलेच ओठ

आमच्या तोंडात आजमितीस २७ दात आहेत. शिक्षकाने हिशेब चोख ठेवावा, म्हणून उरलेल्या पाचांचा जमाखर्चही येथेच मांडतो. एक अक्कलदाढ मुळात उगवलीच नाही. याचे आमच्या सौभाग्यवतींना आजवर कधी आश्चर्य वाटलेले नाही. बाकीचे चार दात मात्र आम्ही हलगर्जीपणाने घालवले. ज्या मनुष्याने सरकारी मराठी शाळेत वर्षानुवर्षे स्वच्छतेवर उपदेश केला, त्याचे स्वतःचे चार दात किडून जावेत, ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे. पण न सांगितल्याने दुसऱ्याचे दात वाचत नाहीत, म्हणून सांगतो.

आमचे बालपण निपाणीजवळच्या एका खेड्यात गेले. हा मुलूख तंबाखूचा. सकाळी परसात सगळे घर तोंड धुण्यास जमे. आजोबा बाभळीची कोवळी काडी चावून तिचा कुंचला करीत आणि गावच्या गप्पा संपेपर्यंत तो दातांवरून फिरवीत. वडिलांची राखुंडी असे. शेणीची राख, त्यात थोडे मीठ, आणि घासावयास तर्जनी. आई मात्र चुलीवरच्या जुन्या तव्यात तंबाखू काळा होईपर्यंत भाजी, चुरून पितळी डबीत भरी आणि ती मशेरी दातांना लावी. तो तवा तापला की घरभर ठसका उठे. मशेरी सकाळी लागे, दुपारी जेवणानंतर लागे, शेतातून आल्यावर लागे आणि निजतानाही लागे. आम्ही त्याला दात घासणे म्हणत होतो. वस्तुतः ते तंबाखूचे व्यसन होते. दात हे निमित्त. गल्लीत एखाद्या पोरीची दाढ ठणकली की म्हाताऱ्या सांगत, "चिमूटभर मशेरी लाव गं, ऱ्हाईल." ठणका राही, पण मशेरी जन्माची चिकटे. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. कायदा कारखान्यास लागू झाला. घरातल्या तव्यास कोण विचारणार?

पुढे शिक्षणासाठी वसतिगृहात राहिलो, तेव्हा हाती ब्रश आला आणि आम्ही स्वतःस सुधारलेले समजू लागलो. आमची पद्धत अशी की सकाळी उठावे, ब्रशवर पेस्टची लांबलचक रेघ ओढावी, करपलेले पातेले घासावे तशा जोराने अर्धा मिनिट आडवे घासावे आणि तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भराव्यात. रात्री? रात्री जेवण झाले की सुपारीचे खांड तोंडात टाकावे आणि अंथरुणावर पडावे. हिरड्यांतून अधूनमधून रक्त येई. ते आम्ही उष्णतेच्या खाती टाकले होते.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील तिसरीचा एक मुलगा वारंवार गैरहजर राहू लागला. आला तरी गालावर हात ठेवून बसे. चुणचुणीत मुलगा, पण वाचावयास उभे केले की तोंड उघडेना. आम्हांस आधी वाटले, अभ्यास झाला नसेल. एके दिवशी गाल सुजलेला पाहिला, तेव्हा त्याच्या आईस बोलावून घेतले. ती म्हणाली, "दुधाचीच दाढ हाय गुरुजी, पडंल आपसूक." तरीही आम्ही त्या दोघांस घेऊन निपाणीच्या एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. बाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी मुलाचे तोंड तपासले आणि त्याच्या आईस आरसा धरून दाखविले. म्हणाल्या, "ताई, ही दुधाची दाढ नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे ही पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या ध्यानी येत नाही. ही आता वाचवण्यासारखी राहिलेली नाही."

त्या माउलीने एवढेच विचारले, "म्हणजे ही आता परत यायची न्हाई?"

"नाही."

आम्ही खाली पाहिले. दुधाचे दात २०, कायमचे ३२, हे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! पण कोणता दात केव्हा येतो, हे एकाही पालकास कधी सांगितले नव्हते. मुलाने परीक्षेत आकडा बरोबर लिहिला होता आणि दाढ गमावली होती.

दाढ काढून झाली. मुलगा कापसाचा बोळा दातांत धरून बाहेर बाकावर बसला. तेव्हा बाई हसून आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, आता तुम्ही बसा." आम्ही पुष्कळ आढेवेढे घेतले, पण विद्यार्थी दारातून पाहत होता. बसावे लागले. बाईंनी आमच्या तोंडात दिवा धरला आणि विचारले, "रात्री घासता का?" गृहपाठ न करणारा मुलगा जसा उगी राहतो, तसे आम्ही उगी राहिलो.

त्या दिवशी बाईंनी जे समजावून सांगितले, ते असे. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की दातांवर साचलेल्या थरातील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळवू लागते. दिवसा तोंडातील लाळ हे आम्ल धुऊन टाकते आणि झीज थोडीफार भरूनही काढते. झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून रात्री दातांत अडकलेल्या घासाला सकाळपर्यंत मोकळे रान मिळते. सकाळचे घासणे चुकवावे असे नाही, पण रात्रीचे तर कदापि चुकवू नये. आणि त्यानंतर पाण्यावाचून काही तोंडात घालू नये.

घासण्याचीही रीत असते. ब्रश मऊ केसांचा असावा. तो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर किंचित तिरपा धरावा आणि हलक्या हाताने, लहान लहान हालचाली करीत, पुरती दोन मिनिटे फिरवावा. बाहेरून, आतून आणि चावण्याच्या बाजूनेही. जोर केल्याने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मात्र मागे सरतात. पेस्टमध्ये फ्लोराइड असावे. ते कवचास बळकटी देते. मोठ्यांना थोडीशी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी, आणि त्याहून लहानास तांदळाच्या दाण्याएवढी. घासून झाल्यावर फेस थुंकावा. लगेच चुळांवर चुळा भरल्या तर ते फ्लोराइडही मोरीत जाते. आंबट खाल्ल्यावर लागलीच घासू नये, अर्धा तास थांबावे. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, ब्रश बदलावा. आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्या माणसाने त्याचे दात स्वतःच्या हाताने घासून द्यावेत, कारण त्याआधी त्याच्या बोटांना ते नीट साधत नाही.

घरी येऊन आम्ही कपाटातील चरकसंहिता काढली. हे दोनदा घासण्याचे खूळ पाश्चात्त्यांचे असणार, असा आमचा मनातून समज होता. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पाहतो, तर दंतकाष्ठ दिवसातून दोन वेळा वापरावे आणि ते हिरड्यांना इजा होऊ न देता, असे आचार्यांनी स्पष्ट सांगून ठेवलेले! निपाणीच्या बाई आणि चरकाचार्य यांचे एकमत होते. मतभेद फक्त आमचा होता. पूर्वजांचा अभिमान आम्ही भाषणांत पुष्कळ बाळगला. त्यांचे ऐकणे तेवढे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोठ्या उत्साहाने आम्ही जाहीर केले, "आजपासून प्रत्येकाने रात्री जेवणानंतर दात घासायचे." चौथीतील एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरात ब्रश एकच हाय. सकाळी सगळी त्येच वापरत्यात." कोणी हसले नाही. हसण्यासारखे त्यात काही नाही, हे त्या वर्गातील बऱ्याच मुलांस घरच्या अनुभवाने ठाऊक होते. उपदेश किती स्वस्त असतो, हे आम्हांस त्या क्षणी उमगले.

मग आम्ही शिक्षकांनी आपापसांत वर्गणी काढून ब्रश आणले. कोणाचा कोणता ते ओळखू यावे, म्हणून प्रत्येकाच्या दांड्याला वेगळ्या रंगाची लोकर गुंडाळली. पालकसभा बोलावली, पण भाषण केले नाही. शाळेचे घड्याळ टेबलावर ठेवले आणि सर्वांदेखत आम्ही स्वतः पुरती दोन मिनिटे दात घासून दाखविले. मिशीवर फेस आला, बायका पदराआड हसल्या. पण त्या दिवशी दोन मिनिटे म्हणजे केवढा वेळ, हे त्यांना कळले आणि आम्हांसही. सहा वर्षांची दाढ कोठे येते, ते प्रत्येक आईस तिच्याच मुलाच्या तोंडात बोट घालून शोधावयास लावले. सारी मुले सुधारली असे आम्ही म्हणणार नाही. लोकर गुंडाळलेला एक ब्रश आम्ही महिन्याभरात सायकलची साखळी साफ करताना पाहिला. पण काही घरांत सवय रुजली. दाढ गमावलेला तो मुलगा आपल्या धाकट्या बहिणीचे दात रोज रात्री घासून देतो, असे त्याची आई सांगत आली, तेव्हा त्या वर्षीचा निकाल आम्हांस लागला.

एक गोष्ट राहिली. बाईंनी आम्हांस जाता जाता विचारले होते, "घरी मशेरी कोण लावतं?" आईला पुढच्याच आठवड्यात नेले. तिच्या गालाच्या आत, जेथे मशेरी दाबून धरण्याची सवय होती तेथे, एक पांढरा चट्टा निघाला. तुकडा काढून तपासणीस पाठविला. अहवाल येईपर्यंतच्या रात्री आम्ही कशा काढल्या, ते लिहीत नाही. अहवाल चांगला आला. परंतु मशेरी सुरू राहिली तर पुढचा अहवाल चांगला येईलच असे नाही, असे बाईंनी बजावले. सत्तरीच्या आईने आयुष्यभराची सोबत सोडावयास चार महिने घेतले. त्यात ती चिडली, रडली, एकदा डबी पिठाच्या डब्यात लपविली. आम्ही तिला काय बोलणार? तिच्याच हाताने वाढलेलो आम्ही. घरात तवा तापत होता, तेव्हा इतकी वर्षे खोकत बाजूला सरण्यापलीकडे आम्ही तरी काय केले होते? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ती पितळी डबी आता घासूनपुसून लखलखीत झाली आहे. तिच्यात लवंगा असतात. रात्री जेवणे आटोपली की मोरीपाशी आई, आम्ही आणि आमची चार वर्षांची नात असे तिघे उभे राहतो. आईच्या तोंडात नऊ दात उरले आहेत. नातीचे आम्ही घासून देतो, तोवर तिचे डोळे पणजीवर असतात. परवा आईने लवकर आटोपले, तर नात फेसाळल्या तोंडाने म्हणाली, "पणजी, अजून दोन मिनिटं झाली नाहीत." आणि आमच्या आईने मुकाट्याने ब्रश पुन्हा तोंडात घातला.

वाचकहो, आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपल्या घरात ब्रश किती आहेत, ते एकदा मोजून पाहा. आणि घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर त्याला जवळ घेऊन उजेडात म्हणावे, "आ कर बघू."