आतली कडी

नगरमध्ये कुलपाचा विषय निघाला की कुणीतरी शिंगणापूरचं नाव काढतंच. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, बोलण्यात मात्र अजून नगरच. नेवासा तालुक्यातलं हे गाव, तिथल्या घरांना चौकट असते पण दार नसतं आणि कुणी चोरी केलीच तर शनिदेव बघून घेतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. शिर्डीला आलेल्या पाहुण्यांना तिकडे नेऊन त्या उघड्या चौकटी दाखवणं हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम.

गोष्ट खरी आहे, पण तेवढीच नाही. कुत्री आत शिरू नयेत म्हणून तिथेही रात्री चौकटीला फळी टेकवतात. २०१० आणि २०११ साली बाहेरून आलेल्या भाविकांनी चोरीच्या तक्रारी नोंदवल्या. २०१५मध्ये गावाला पोलीस ठाणं मिळालं. जानेवारी २०११मध्ये युको बँकेनं तिथे शाखा उघडली, तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून तिच्या बातम्या देशभर झाल्या. प्रत्यक्षात त्या शाखेला काचेचं दार होतं आणि सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप. कुणी याला लबाडी म्हणेल. मला तसं वाटत नाही. गावाची श्रद्धा आणि ठेवीदारांचा पैसा, दोन्ही सांभाळायचे तर दुसरं काय करणार? आईच्या दाराला कुलूप शोधताना मला ही बँक बऱ्याचदा आठवली.

आई सावेडीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय ७४, निवृत्त शिक्षिका. मी पुण्यात, दादा बंगळुरूला. गेल्या श्रावणात एका सकाळी ती स्वयंपाकघरात पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, कंबरेला मार लागला, उठता येईना. हाका ऐकून समोरच्या काकू धावल्या. आमच्या घराची एक किल्ली गेली पंधरा वर्षं त्यांच्या देवघराशेजारच्या खिळ्यावर असते. त्यांनी ती लावली, कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आईनं रात्री आतून आडवी कडी घातली होती, वरचा बोल्टही लावला होता. शेवटी सुताराला बोलवून कडी तोडावी लागली. पाऊण तास आई फरशीवर पडून होती आणि दाराच्या पलीकडून काकू तिच्याशी बोलत होत्या.

मनगट जुळलं. त्यानंतर दादानं स्मार्ट लॉकचा विषय लावून धरला. एक्सेलचा तक्ता आला, त्यात अकरा कुलपं: बोटाच्या ठशानं उघडणारी, आकड्यांनी उघडणारी, कार्डानं, फोननं. तो तक्ता घेऊन मी आईकडे गेले, तेव्हा आमच्या सुतारानं (कडी तोडणारा तोच) दोनच प्रश्न विचारले. दाराची जाडी किती, आणि बाहेरच्या जाळीच्या दाराचं काय करणार? तक्त्यात यातलं काहीच नव्हतं. ही कुलपं ठरावीक जाडीच्या दारातच बसतात. आणि आतल्या लाकडी दाराला पन्नास वाटांनी उघडणारं कुलूप लावलं, पण बाहेरच्या जाळीला आतून साधी कडी असली, तर पुन्हा पाऊण तासच.

बोटाच्या ठशाचा प्रकार आईनं दुकानातच निकालात काढला. आयुष्यभर खडू, भांडी आणि वाळवणं केलेली बोटं. आधारच्या यंत्रावरही तिचा अंगठा तिसऱ्या-चौथ्या खेपेला लागतो. दुकानातल्या नमुन्यावरही तसंच झालं. ‘माझ्याच घरासमोर उभं राहून मी मीच आहे हे किती वेळा सिद्ध करू?’ असं तिनं त्या मुलाला विचारलं. तो बिचारा हसला आणि त्यानं आकड्यांचं कुलूप पुढे केलं.

ज्यांना घ्यायचं असेल त्यांच्यासाठी, आम्ही काय पाहिलं ते सांगते. अशी बरीच कुलपं साध्या पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे लाइट गेले म्हणून दार अडत नाही. सेल संपत आले की ते आधी आवाज देतं. तरीही ते पूर्ण संपलेच तर बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय आणि साध्या किल्लीचं भोक, दोन्ही हवंच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतून लावायची खिटी. काही कुलपांत ती लावली की बाहेरचे सगळे आकडे बाद होतात. झोपताना बरं वाटावं म्हणून ही सोय असते, पण आमचं दुखणं नेमकं तेच होतं. म्हणून ती खिटी लावलेली असतानाही किल्लीनं किंवा मुख्य आकड्यानं दार उघडतं का, हे दुकानात समोर उघडून दाखवायला लावलं.

कुलूप बसलं, पण कडीचा प्रश्न कुलपानं सुटत नव्हता. सुतार म्हणाला, ‘जुनी कडी काढून टाकतो, भोकं बुजवतो.’ आई म्हणाली, ‘राहू दे.’ चोराची भीती तिला फारशी नाही. पण बाबा गेल्यापासून रात्री ती कडी घातल्याचा आवाज झाला की दिवस संपतो, असं तिचं म्हणणं. यावर मी काय बोलणार? आईनं कडी घालायची नाही, याचा अर्थ समोरच्या दारावर, खालच्या वॉचमनवर, जिन्यावर रोज रात्री विश्वास टाकून झोपायचं. दारं नसलेल्या गावाचं कौतुक करणं सोपं असतं. तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलंय, हे मला तेव्हा जाणवलं. शिवाय तिथे देवाचा धाक आहे, सगळं गाव एकमेकांना ओळखतं. आमच्या इमारतीत निम्मे भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात.

दिवाळीला दादा येताना व्हिडिओची बेल घेऊन आला. कुणी बटण दाबलं की त्याच्या आणि माझ्या फोनवर चित्र दिसायचं, बोलताही यायचं. नुसतं कुणी दारासमोरून गेलं तरी सूचना यायची. पहिले काही दिवस मला फार बरं वाटलं. दूधवाला आला, कामाच्या मावशी आल्या, आई भाजी घेऊन वर आली, सगळं दिसत होतं. मग आईचा फोन आला. ‘अगं, मी दार उघडायच्या आधीच दादाचा फोन येतो, तो कोण होता म्हणून. बेल माझ्या दाराची आहे ना?’

या बेलचा इतिहास वाचला तेव्हा आईचा प्रश्न मला जास्त कळला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची नर्स राहत होती. ती आणि तिचा नवरा दोघांच्याही कामाच्या वेळा अवेळी, त्यामुळे बऱ्याचदा ती घरी एकटी असायची. १९६६मध्ये दोघांनी एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९मध्ये मिळालं. दाराला वर-खाली चार भोकं, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा, दाराबाहेरच्या माणसाशी बोलायची सोय, बटणानं उघडणारं कुलूप, आणि धोका वाटला तर मदत बोलवण्याचं बटण. आणि पडदा? पडदा तिच्या झोपायच्या खोलीत. घरात एकटी असलेली बाई बाहेर कोण आहे ते बघते, आणि उघडायचं की नाही ते तीच ठरवते. पन्नास-पंचावन्न वर्षांत तो पडदा घरातून निघून दुसऱ्या शहरातल्या खिशात गेला. आता बाहेरच्याबरोबर आतलीही दिसते.

ते चित्र आणखी कुठे जातं, हाही प्रश्न आहेच. २०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं रिंग या बेलवाल्या कंपनीवर, तिचे कर्मचारी ग्राहकांच्या घरातली चित्रणं बघत होते असा आरोप ठेवला. ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. आपल्याकडे २०२३मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण माणसानं स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. म्हणजे काकूंचं दार आमच्या कॅमेऱ्यात चोवीस तास दिसत राहिलं, तर त्याची लाज आम्हालाच वाटायला हवी. पंधरा वर्षं आमची किल्ली सांभाळणाऱ्या बाईंचं दार!

दादाशी माझं भांडण झालं नाही. त्यानंही ते पाऊण तास बंगळुरूहून फोनवर काढले होते. आईनंच एका रविवारी दोघांना एकत्र फोनवर घेतलं आणि शाळेत बोलायची तशी सावकाश बोलली. ‘माझ्याकडे कोण आलं ते मी तुम्हाला सांगते, तेव्हा त्या गप्पा असतात. तुम्ही मला विचारता, तेव्हा ती हजेरी होते.’ दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बरं. मग काय लावूया?’

आता बाहेर कॅमेरा आहे आणि पडदा आईच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर. साधा, तारेनं जोडलेला व्हिडिओ डोअर फोन, इंटरनेटशिवाय चालणारा, इन्व्हर्टरवर घेतलेला. कॅमेरा थोडा तिरका बसवलाय, काकूंचं दार त्यात येत नाही. जाळीच्या दाराची कडी बाहेरून हात घालून काढता येईल अशी करून घेतली, म्हणजे जाळी आता नावालाच. जुनी आडवी कडी आहे तिथेच आहे. पण मधला कोयंडा सुतारानं काढून ठेवलाय, त्यामुळे दांडा सरकतो, आवाज होतो, दार मात्र अडत नाही. ही युक्ती आईची.

कुलपाचा मुख्य आकडा आईकडे आहे. आधी तिनं चौघांना वेगवेगळे आकडे दिले: मला, दादाला, समोरच्या काकूंना आणि कामाच्या मावशींना. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाली, आता पाच झालेत. पाचवा कुणाचा, ते मी विचारलं नाही.