पिवळ्या रंगाचा दरारा

रंगाचाही दरारा असू शकतो, हे पनामाच्या सोनेरी बेडकाकडे पाहिलं की पटतं. एल व्हाये दे अँतोन हे पनामातलं, जुन्या ज्वालामुखीच्या विवरात वसलेलं गाव. भोवतीच्या डोंगरांवर ढगांत भिजणारं रान, आणि त्या रानातले खळाळते ओढे हे याचं माहेर. जीव जेमतेम पाच सेंटिमीटरचा, पण लपणं ठाऊक नाही. भर दिवसा ओल्या खडकावर पिवळाधमक बसून राहायचं, निघालाच तर उड्या न मारता संथ पावलं टाकत जायचं. कातडीत झेटेकिटॉक्सिन आहे, मज्जातंतूंतली सोडियमची वाटच अडवणारं विष. ते जवळ असताना पळापळ कशाला?

मला मात्र विषापेक्षा त्याचा हात आवडतो. ओढ्याच्या गदारोळात हाक कुठवर पोचणार? त्यात याला कानाचा पडदाच नाही. म्हणून हा पुढचा पाय उचलून हलवतो. प्रतिस्पर्ध्याला दम भरायचा तरी हात, मादीला खुणवायचं तरी हात. बराचसा कारभार दिसण्यावर.

घात झाला तो इथेच. बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड नावाच्या बुरशीला डोळे नाहीत. ती पाण्यातून आली आणि थेट कातडीत शिरली. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतून घेतो. ते तंत्र बिघडलं, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरलं, हृदय थांबलं. शत्रूचं सोडियम अडवणारा स्वतः सोडियमवाचून मेला. 2006 मध्ये साथ गावाशी येऊन ठेपली, तेव्हा शास्त्रज्ञांनी रानातले बेडूक वाचवण्यासाठी गोळा करून चक्क एका हॉटेलच्या खोल्यांत ठेवले होते.

ही बुरशी देशोदेशी पोचली ती बेडकांच्या व्यापारातून, म्हणजे आपल्याच हातून. भक्षक ज्या रंगाला बिचकतात, त्यावर आपण भाळतो. पनामात हा नशिबाचा बेडूक, लॉटरीच्या तिकिटावर छापलेला. 2010 पासून 14 ऑगस्ट हा त्याचा राष्ट्रीय दिवस. रानातून मात्र तो बहुधा नाहीसा झाला आहे. प्राणिसंग्रहालयांतल्या काचेच्या पेट्यांत त्याची वीण चालू आहे.

त्याच साथीत मातकट रंगाचे कितीतरी बेडूक गेले. त्यांच्या नावाचा दिवस कुणी पाळत नाही. ‘दूर राहा’ सांगणाऱ्या रंगानंच आपल्याला जवळ ओढलं, म्हणून हा निदान पेटीत तरी उरला. आपली दयासुद्धा रूप पाहून जागी होते, आणि ही गोष्ट बेडकाच्या नव्हे, आपल्या स्वभावाची आहे.