पंधरा नंबरचं पातं

दातांच्या डॉक्टरच्या ट्रेमध्ये सगळ्यात स्वस्त कोण, तर हे. फॉइलच्या पाकिटात बंद, काही रुपयांना मिळणारं, तीन नंबरच्या मुठीवर खटकन बसणारं. मूठ वेगळी आणि पातं वेगळं, या सोयीचं पेटंट मॉर्गन पार्कर या अमेरिकनाने १९१५ मध्ये घेतलं. त्याच घराण्यातलं हे. अकरा नंबरसारखं टोकदार नाही, दहासारखं थोराड नाही. पोट छोटं, गोलसर आणि धार पोटालाच. तोंडाच्या ओल्या, अडचणीच्या, सतत हलणाऱ्या जागेत वावरायला हीच अंगकाठी बरी.

इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू. तो बसवताना याचं काम सुरुवातीच्या मिनिटाभराचं. दात गेलेल्या जागी हिरडीच्या माथ्यावर टेकतं आणि हाड लागेपर्यंत थांबत नाही. हाड लागल्याचं डॉक्टरच्या बोटांना बरोबर कळतं, मऊपणा संपून खाली टणक, किंचित खरखरीत काहीतरी येतं. मग दुसरं हत्यार हाडावरच्या अस्तरासकट हिरडी उचलून बाजूला करतं. पातं तोवर ट्रेमध्ये पडलेलं असतं. पण आता हाड उघड्या डोळ्यांना दिसतं: रुंदी किती, कुठे खड्डा आहे, कुठे कड सुरीसारखी निमुळती झाली आहे. कापण्यासाठी बदनाम असलेल्या या पात्याचा खरा गुण दाखवण्याचा आहे.

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्यांच्या पद्धतीत स्क्रू हिरडीखाली गाडून टाके घालायचे, हाड त्याला धरेपर्यंत तीन ते सहा महिने थांबायचं आणि मग पुन्हा उघडायचं. म्हणजे पात्याला दोनदा बोलावणं.

आता पेशंट खुर्चीत बसण्याआधीच विचारतो, “डॉक्टर, बिनटाक्याचं होतं ना?” होतं की. जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढायचा, कॉम्प्युटरवर स्क्रूची जागा ठरवायची, दातांवर बसणारा गाइड छापून घ्यायचा, पंच नावाच्या हत्याराने हिरडीची एवढीशी टिकली काढायची आणि गाइडच्या भोकातून ड्रिल आत सोडायचं. सूज कमी, दुखणं कमी, हाडाचा अस्तरातून येणारा रक्तपुरवठाही शाबूत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांसाठी तर हे वरदानच.

फक्त डोळ्यांचं काम आता स्कॅनवर गेलेलं असतं आणि गाइड कितीही चोख असला तरी स्क्रूच्या टोकाशी मिलिमीटरभर फरक पडू शकतो. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी लांब राहायचं असतं. हिशेब करा. शिवाय गाइड आड आला की थंडावा देणारं सलाईनचं पाणी ड्रिलच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी दुखावतं.

आणि ती टिकली! दाताभोवतीची घट्ट, गुलाबी हिरडी मुळातच कमी असेल, तर पंच तिचाच तुकडा उडवतो. तिथे जुनं पातं हुशार. चिरा जिभेच्या बाजूला थोडा सरकवतं आणि तीच हिरडी गालाच्या बाजूला, हवी तिथे आणून ठेवता येते. हाड भरायचं असेल तर उघडावंच लागतं, तिथे पंचाचं काही चालत नाही. माझं विचाराल तर ऐसपैस हाड आणि भरपूर हिरडी असलेल्यानेच बिनटाक्याचा हट्ट धरावा. बाकीच्यांनी आठवड्याभराने टाके काढायला जावं, त्यात कमीपणा कसला?

पात्याची जाहिरात मात्र कुणी करत नाही. गाइडचं चित्र दवाखान्याच्या काचेवर झळकतं. तरीही जाणता डॉक्टर गाइडच्या केसलाही ट्रेच्या कडेला एक न फोडलेलं पाकीट ठेवतो. ड्रिल हाताला वेगळं लागलं, गाइड जरा हलला, की पहिली हाक यालाच. लागलंच नाही तर पाकीट परत कपाटात जातं, आणि बिलात त्याचा एक रुपयाही लागत नाही.