लेबलाजवळची द्रुत

नवी सुई बसवली की ती तपासायला मी रेकॉर्डची सुरुवात लावत नाही. सुरुवातीला बहुतेक सुया बऱ्या वाजतात. आर्म उचलून थेट लेबलाजवळ नेतो आणि बाजूची शेवटची चार-पाच मिनिटं ऐकतो. गिऱ्हाइकाला याचं नवल वाटतं, पण आपलं संगीत तबकडीवर ज्या क्रमाने बसलं आहे, त्यात खरी परीक्षा शेवटालाच असते.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, कडेलाही आणि लेबलाजवळही. पण सुईखालून सरकणारी खाच सारखी नसते. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरायचा, म्हणजे वळणं दाट होतात आणि सुईच्या टोकाला ती गाठताना दमछाक होते. सुट्या गाण्यांच्या एलपीत एखादं शांत गाणं शेवटी टाकता येतं. ख्यालाला ती मुभा नाही. विलंबित बाहेर, द्रुत आत, हे ठरलेलंच. किशोरी आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी घ्या. भूपाच्या बाजूला ‘सहेला रे’ येते ती लेबलाकडच्या खाचांत. सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज जरा जरी तिरकं असेल, तरी ‘स’ फाटतो, फिस्कारल्यासारखा येतो, आणि तानेतले दाणे एकमेकांत मिसळतात. किशोरीताईंच्या आवाजाचं असं होऊ देणं मला सहन होत नाही.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतो तो टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२ हा प्लेअर, १९७९ सालचं मॉडेल. त्याच्या आर्मच्या टोकाचं, कार्ट्रिज धरणारं हेडशेल फिरवून वेगळं काढता येतं, त्यामुळे काम उजेडात, मांडीशी घेऊन करता येतं. कार्ट्रिजच्या मागे चार पिना असतात. पांढरी वायर डाव्या चॅनेलची, निळी तिचं ग्राउंड. लाल उजव्याची, हिरवी तिचं ग्राउंड. वायरींच्या टोकाच्या क्लिपा इतक्या नाजूक की बोटाने दाबल्या तर मोडतात. चिमट्याने क्लिप धरायची, वायर नाही, आणि पिनेवर सरळ रेषेत सरकवायची. सैल असेल तर आत टाचणी ठेवून अलगद आवळायची. पिनेला सोल्डर मात्र कधीही करू नये. आतली कॉइल केसाहून बारीक तारेची, उष्णतेने तुटली की कार्ट्रिज गेलं.

मग दोन स्क्रू, त्यांच्यातलं अंतर १२.७ मिलिमीटर. ते आधी सैलच ठेवतो, कारण सगळं कौशल्य या सैलपणात आहे. हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर, असं टेक्निक्सचं माप आहे. ते जुळलं की प्रोट्रॅक्टरवर सुई टेकवून कार्ट्रिज सरळ आहे का ते बघतो. आर्म गोलाईत फिरतो, म्हणून सुई संपूर्ण बाजूत फक्त दोनच ठिकाणी खाचेशी बिनचूक समांतर असते. ही दोन ठिकाणं कुठे असावीत यावर जाणकारांत मतभेद आहेत. बेरवाल्डने १९४१ मध्ये मांडलेल्या हिशोबाने ती मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. दोष बाजूभर सारखा वाटला जातो. स्टीव्हन्सनने १९६६ मध्ये आतलं ठिकाण ६० मिलिमीटरवर, म्हणजे लेबलाच्या अगदी जवळ आणलं. टेक्निक्सचं ५२चं माप याच वळणाचं आहे. बाहेरगावचे हौशी मित्र बेरवाल्डचाच आग्रह धरतात. त्यांच्या रेकॉर्डींसाठी तो योग्य असेलही. ख्याल ऐकणाऱ्याने आतलं टोक सांभाळावं, असं माझं पक्कं मत आहे. विलंबितात थोडा दोष आला तर तो कानाआड होतो, द्रुतमध्ये होत नाही.

वजनाचं थोडक्यात सांगतो. मागचं वजन फिरवून आर्म तरंगता करायचा, आकड्यांची कडी शून्यावर आणायची आणि मग कंपनीने सांगितलेलं वजन द्यायचं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला २ ग्रॅम. हलकी सुई रेकॉर्ड जपते, हा समज घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. वजन कमी पडलं की सुई खाचेत उसळते आणि भिंती ओरबाडते.

आपल्याकडच्या माळ्यांवर मात्र टेक्निक्स क्वचितच सापडतो. सापडतो तो सूटकेसच्या आकाराचा, क्रिस्टल कार्ट्रिजचा घरगुती प्लेअर. त्यातला स्फटिक रोशेल सॉल्टचा असतो, आणि त्याला दमटपणाही सोसत नाही नि उष्णताही. मुंबई-कोकणातले असे कितीतरी प्लेअर सुई शाबूत असूनही मुके झालेले असतात. तिथे सिरॅमिक कार्ट्रिज बसवावं. मॅग्नेटिक बसवायचा हट्ट धरू नये. त्याचा आवाज चार-पाच मिलिव्होल्टचा, आणि या प्लेअरच्या अॅम्प्लिफायरला तो पुरत नाही. शिवाय आर्मही जड. सिरॅमिकमध्ये बहुधा दुतोंडी सुई असते, एक तोंड एलपीचं, दुसरं ७८चं. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि नुसती खरखर देते, म्हणून आजीच्या लाखेच्या तबकड्या लावताना तोंड फिरवलंय ना, हे आधी बघावं.

कधी कधी पूर्ण कार्ट्रिज बदलायची गरजही नसते. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, पण जपानची जिको कंपनी त्या कार्ट्रिजसाठी सुया बनवते. जुनं कार्ट्रिज म्हणून फेकून देऊ नका. उलट, कधीच न वापरलेली, डबीतली पन्नास वर्षांपूर्वीची सुई दिसली तर भाळू नका. हिरा जसाच्या तसा असतो, त्याच्या दांडीला धरणारं रबर मात्र कडक झालेलं असतं.

झिजलेली सुई नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हिऱ्याच्या दोन बाजूंना सपाट, चकाकणाऱ्या कडा दिसतात. त्या कडा खाच कापतात, आणि कापलेली खाच पुन्हा भरत नाही. तुमच्या घरी वडिलांचा प्लेअर असेल आणि त्यातली सुई कधी बदलली हे कुणालाच आठवत नसेल, तर कृपा करून त्यावर रेकॉर्ड लावू नका. आधी सुई बदला, मग एखादी कमी आवडीची रेकॉर्ड लावा, आणि ती शेवटापर्यंत ऐका.