खांद्यावरचं आणि गाडीतलं



३ डिसेंबरचा सण जवळ आला की आमच्या बेळगाव भागातून जुन्या गोव्याला पायी जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा घाट, केरी, साखळी असा आमचा रस्ता. बरोबर सामानाची एक पिकअप असते. एरवी ती भाजी वाहते, मालक आपल्याच धर्मग्रामातले. त्या पिकअपमध्ये आम्ही रात्री झोपायची, दुपारी टेकायची सोय केली, तेव्हा काहींनी मनापासून विचारलं, "यात्रेला एवढी सोय कशाला? संत फ्रान्सिस झेवियरनी १५५२ साली सांचियान बेटावर साध्या झोपडीत देह ठेवला. त्यांच्या सणाला आपण गादीवर झोपून जायचं?"

प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर आम्हाला गणना या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सापडलं. निवासमंडप हलवायला इस्राएलच्या सरदारांनी सहा झाकलेल्या गाड्या आणि बारा बैल आणून दिले. मोशेने त्यातल्या दोन गाड्या गेर्षोनाच्या वंशजांना दिल्या, कारण पडदे आणि कनाती त्यांच्याकडे होत्या. मरारीच्या वंशजांकडे फळ्या, खांब, बैठका असं जड सामान, त्यांना चार गाड्या मिळाल्या. कहाथाच्या वंशजांना मात्र एकही नाही. पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरूनच न्यायच्या होत्या. म्हणजे गाडी वापरण्यात देवाला काही वावगं वाटलं नाही. गाडीत काय घालायचं आणि खांद्यावर काय ठेवायचं, एवढंच ठरवायचं होतं.

आम्हीही तेच ठरवायला बसलो. सुरुवातीला चर्चा गादी, पंखा, दिवे यांवरच चालली होती. मग भगिनी बोलल्या. वाटेत आडोसा नाही, म्हणून कितीतरी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी चक्कर येते, घरी परतल्यावर लघवीची जळजळ सुरू होते. साठीच्या पुढच्या कित्येक जणी तर याच भीतीने घरी राहतात. हे ऐकल्यावर यादीचा क्रम बदलला. आधी संडास, मग झोप, बाकी सगळं त्यानंतर.

हौद्याच्या एका कोपऱ्यात कमोडची खुर्ची, खाली झाकणाची बादली, शेजारी लाकडाचा भुसा आणि भोवती जाड पडदा. फाळका कमरेइतका उंच असतो, म्हणून दोन पायऱ्यांची घडवंची आणि धरायला दांडा. एवढ्यानेच अर्धं काम झालं.

पलंगासाठी लोखंडी पेट्यांवर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या आणि वर काथ्याच्या गाद्या. उंची दीड फूट ठेवली, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला उठता-बसता येतं. सामान पेट्यांत राहतं. सगळं बोल्टवर बसवलं, वेल्डिंग काहीच केलं नाही. गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, आणि सण झाला की गाडीला पुन्हा भाजी वाहायची आहेच. चालत्या गाडीत मागे कुणीही बसत नाही. मालवाहू गाडीतून माणसं नेणं कायद्याला धरून नाही आणि घाटात ते धोक्याचंही आहे. दमलेल्यांसाठी मागून जीप येते.

वजनाचा हिशेब आरसी बुकावरून करावा. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच आपलं. पाण्याचा २० लिटरचा एक जार म्हणजे २० किलो, दहा जार म्हणजे २०० किलो. ते तळाशी, केबिनला लागून ठेवावेत. वर ठेवले तर वळणावर गाडी डोलते.

कणकुंबीला डिसेंबरात थंडी आणि दव. ताडपत्री घट्ट बांधली तर झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ आतून जमून थेंबथेंब गळते. म्हणून दोन्ही टोकांना हवेला वाट ठेवली आणि आतून सुती चादर ताणली. विजेसाठी १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. तिच्यात साधारण १२०० वॉट-अवर वीज मावते, पण साध्या बॅटरीतून निम्मीच वापरावी. ५ वॉटचे दोन दिवे आणि २० वॉटचा पंखा आठ तास चालवला तर २४० होतात. उरलेल्यात मोबाइल चार्ज होतात. शेगडी मात्र नेहमी बाहेर, गाडीपासून लांब. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फळ्यांखालीच साचून राहतो.

आता राहिला खांद्याचा भाग. पहिल्या मुक्कामाला बादली कोण रिकामी करणार, यावर सगळे गप्प झाले. आपल्या समाजात हे काम कुणाच्या वाट्याला ढकललं गेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी कॉलेजात शिकणारा एक मुलगा उठला आणि बादली घेऊन संडासाकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. त्यात फादरांचं नाव होतं, आमचंही होतं. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी बघतो. त्या विधीतल्या येशूच्या मागे चालायचं म्हणजे काय, ते त्या बादलीने आम्हाला शिकवलं.

त्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या तीन आजी आमच्याबरोबर आल्या. जमेल तेवढं चालायच्या, मग जीपमध्ये बसायच्या, आणि रात्री गाडीत निवांत झोपायच्या. पाणीही पोटभर प्यायल्या. त्यांच्या जपमाळेच्या नादाने आम्हा चालणाऱ्यांचे पाय उचलत होते.

तेव्हा कष्ट कमी झाले का, असं कुणी विचारलं तर आम्ही म्हणू, कष्ट वाटून घेतले. नवस, प्रार्थना, घरच्या आजाऱ्याची काळजी, एकमेकांची सेवा हे ओझं आजही प्रत्येकाच्या खांद्यावरच आहे. ते कोणत्याही गाडीत चढवता येत नाही. पाणी, गादी आणि आडोसा मात्र खुशाल गाडीत घालावा.

यंदा तुमच्या धर्मग्रामातून यात्रा निघणार असेल, तर गाडीची यादी करण्याआधी एक काम करा. मागच्या वर्षी कोण घरी राहिलं आणि का, ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. यादी तिथूनच सुरू होते.

प्रभू येशू, आमच्या वाटेवर चालणाऱ्यांना बळ दे, आणि मागे राहिलेल्यांना बरोबर घेण्याची बुद्धी दे. आमेन.