पाण्याखालचं गाव

शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? डब्यातल्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, गाण्याच्या भेंड्या आणि "खिडकीतून हात बाहेर काढू नकोस गं!" हा ओरडा. होय ना? मी शाळेत अर्धवेळ शिकवते. यंदा सातवीच्या मुलींबरोबर जाण्याची पाळी माझी होती. ठिकाण ठरले मुळशी धरणाच्या काठचे एक लहानसे गाव.

पौड मागे पडले, निळेशार पाणी दिसले, मुली खूश! पण गावात उतरताच एकीने नाक मुरडले. ती आईवडिलांबरोबर हॉलंड पाहून आलेली. "बाई, तिथल्या जुन्या खेड्यात पवनचक्क्या होत्या, लाकडी बूट करून दाखवत होते. इथं बघायला काय आहे?"

उत्तर मला द्यावेच लागले नाही. ज्यांच्या ओसरीवर आम्ही टेकलो होतो, त्या आजींनी पाण्याकडे बोट केले. "आमचं जुनं गाव तितं हाय, पान्याखाली. माज्या आजेसासूचं जातं, चूल, समदं तितंच ऱ्हायलं."

मुली एकदम गप्प. मग एकीने हळूच विचारले, "आणि लोक भांडले नाहीत?"

भांडले की! टाटांच्या कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी हे धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. बायकाही त्यात उतरल्या. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. तीन वर्षे लढूनही धरण झालेच. पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला गेले, तिथल्या विजेवर मुंबई उजळली आणि भाताची खाचरे बुडाली. हॉलंडच्या लोकांनी १९३२ मध्ये समुद्राला बांध घालून पुढे शेतजमीन मिळवली. आमच्या मावळ्यांची होती ती गेली. हे सांगितले तेव्हा नाक मुरडणारी मुलगीच सर्वांत पुढे सरकून बसली होती.

दुपारी आजींच्या सुनेने आंबेमोहोराचा भात आणि पिठले वाढले. झाकण काढताच वास ओसरीपर्यंत! हे भात उंच वाढून आडवे पडते, उतारा कमी येतो, म्हणून पुष्कळजण आता इंद्रायणी लावतात. तुम्हांला खरा आंबेमोहोर मिळाला तर पाणी बेताने घाला बरं का. दाणा बारका असतो, भात लगेच मऊ होतो.

मैत्रिणींनो, तुमच्या मुलांची सहल एखाद्या खेड्यात निघाली, तर आदल्या रात्री डबा भरता भरता त्यांना त्या गावाविषयी चार गोष्टी सांगा. तिथल्या बायकांचे फोटो काढण्याआधी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला सांगा. पाहुण्यासारखे गेले की गाव आपणहून बोलते. आणि हो, दिव्याचे बटण दाबताना ही वीज कुणाच्या शेतावरून आली, हेही मुलांना कधीतरी विचारू द्या. आपणही विचारू या.