आधी उघडून पाहा

'कंपू' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना 'टोळके' या अर्थी परिचित असेल. आम्हां ग्वाल्हेरकरांना ते आमच्या मोहल्ल्याचे नाव आहे. महादजी शिंद्यांच्या वेळी डी बॉयनने ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या त्यांना कंपू म्हणत. पुढे १८१० साली दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. तळ हा हलण्यासाठी असतो. हा मात्र हलला नाही, आणि त्याच्या आश्रयाने आलेली आमच्यासारखी घराणीही येथेच रुजली.

आमचे आजोबा ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबनीस होते. मे १९४८ मध्ये सरकारने ताब्यात घेईपर्यंत दिल्ली शहरातील बसगाड्याही याच कंपनीच्या चालत असत. त्या नोकरीमुळे मोटारीचा वास घरात शिरला तो आजतागायत गेलेला नाही. वडिलांनी मालवाहतुकीचा व्यवसाय केला आणि २०१३ साली, निवृत्त होण्यापूर्वी, टाटाचा दहा चाकी ट्रक घेतला. आज वडील नाहीत. आम्ही तिघे भाऊ, आई आणि तो ट्रक, असा संसार आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुरैन्याहून मोहरीची पेंड भरून तो इंदूरकडे निघाला होता. मोहनाच्या पुढे, भर दुपारी, इंजिन ओढेनासे झाले. ठकठक आवाज येऊ लागला आणि ते जागीच जाम झाले. माल दुसऱ्या गाडीत भरून पुढे पाठवावा लागला व आमचा ट्रक साखळदंडाने ओढत ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट नगरात आणला गेला.

त्या रात्री जेवणाच्या पाटावरच वाद सुरू झाला. थोरल्या भावाचे म्हणणे, नवे इंजिन घालावे. महाग पडेल, पण पाच-सात वर्षे पाहावे लागणार नाही. मधल्याच्या मते दिल्लीला मायापुरीच्या बाजारातून चालू स्थितीतील जुने इंजिन आणावे; पैसाही वाचेल आणि दिवसही. धाकट्याचा आग्रह दुरुस्तीचा. वडिलांनी घेतलेल्या गाडीचे काळीजच काढून टाकायचे, हे त्याला सोसवेना. खरे पाहता तिघांपैकी एकानेही ते इंजिन उघडलेले पाहिले नव्हते. बँकेचा हप्ता मात्र तिघांनाही दिसत होता.

आई इतका वेळ वाढीत होती. ती म्हणाली, "कल्हईवाला आला की तो आधी भांडे उजेडात धरून बघतो. बूड फुटले असेल तर कल्हई करीत नाही. तुम्ही भांडे न बघताच भांडता आहात."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीही तेच सांगितले. "भाईसाहब, पहले खोलने दीजिए, फिर लड़िए."

त्यानंतरच्या चार दिवसांत आम्ही जे शिकलो ते पुष्कळांच्या उपयोगी पडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या ट्रकला कमिन्सचे सहा सिलिंडरचे, ५.९ लिटरचे इंजिन आहे. त्यात सिलिंडरला वेगळे लायनर नसतात. ब्लॉकच्या बिडातच १०२ मिलिमीटर व्यासाचे बोअर केलेले असतात. ते खराब झाले तर अर्धा, फार तर एक मिलिमीटर वाढवून त्या मापाचे मोठे पिस्टन बसविता येतात. त्यापुढे स्लीव्ह ठोकावी लागते. क्रँकशाफ्टचेही तसेच. तो पाव-पाव मिलिमीटरने घासून त्या मापाची बेअरिंगे घालता येतात, परंतु त्यालाही शेवट आहे. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती इंजिनाच्या शिल्लक आयुष्यातून काही घेऊनच होते. म्हणून पहिला प्रश्न 'किती बिघडले' हा नसून 'किती शिल्लक आहे' हा असतो.

मापे घेतली. दोन सिलिंडरांत पिस्टन धरल्याचे खोल ओरखडे होते, पण अर्धा मिलिमीटर वाढविल्यावर ते निघून जाणार होते. क्रँकशाफ्टवर पूर्वी एकदाच हात फिरला होता. आणखी पाव मिलिमीटर सहज निघाला असता. हेड मात्र वाकले होते आणि दोन व्हाल्व्हांच्या बैठकींमध्ये चीर गेली होती. ते टाकूनच द्यायचे होते. उरला ब्लॉक. तो सलग असला तर दुरुस्तीला अर्थ. त्याला चीर असली तर त्यावर घातलेला प्रत्येक रुपया पाण्यात.

परीक्षेपूर्वी आम्ही तिघांनी एकमेकांना शब्द दिला की, बुडबुडा आला तर नवे इंजिन, न आला तर दुरुस्ती. मग कोणी कुरकुर करायची नाही. मायापुरीचा विचार तोवर मागे पडला होता. परक्या इंजिनाचा पूर्वेतिहास कोण सांगणार? शिवाय इंजिन बदलले की नोंदणीपुस्तकातील क्रमांकही बदलून घ्यावा लागतो, आणि त्या क्रमांकाचे कागद स्वच्छ असतीलच याचा भरवसा नाही.

नव्या इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गाडीचे वय नोंदणीच्या तारखेवरून मोजतात, इंजिनावरून नव्हे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मज्जाव करणारा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम ठेवला, तेव्हापासून आम्ही या गाडीसाठी दिल्लीची वाट सोडली आहे. कोरे इंजिन घातले म्हणून गाडी तरुण होत नाही. तिच्या चाकरीची जितकी वर्षे उरली आहेत तितकी पुरेल एवढेच इंजिन तिला हवे. त्याहून अधिक आयुष्याची किंमत कशासाठी मोजावी?

ब्लॉकची सर्व तोंडे बंद करून आत हवेचा दाब दिला आणि तो हौदात बुडविला. आम्ही तिघे काठावर उभे होतो. पाणी हळूहळू निवळले. बुडबुडा आला नाही. धाकट्याने डोळे पुसले. आम्ही ते पाहिले नाही असे दाखविले.

येथे हा लेख संपविता आला असता. परंतु मिस्त्रींनी कामाला हात घालण्यापूर्वी विचारले, "यह मरा क्यों?" कारण न शोधता दुरुस्त केलेले इंजिन त्याच कारणाने पुन्हा मरते, मग ते जुने असो वा कोरे.

कारण सापडण्यास वेळ लागला नाही. रेडिएटरच्या जाळीत मोहरीचा भुसा गच्च बसला होता; आत कूलंटऐवजी वर्षानुवर्षे घातलेल्या विहिरीच्या जड पाण्याचा थर साचला होता. आणि तापमानाचा काटा दोन महिन्यांपासून बंद होता. आमच्या चालकांनी तो दोनदा सांगितला होता. आम्ही दोन्ही वेळा म्हटले होते, "पुढच्या फेरीला पाहू."

खरे सांगायचे तर ट्रक ओढून आणला त्या रात्री आम्ही तिघेही मनात चालकांनाच दोष देत होतो. त्यांचा भत्ता रोखावा असेही एकाच्या तोंडून निघाले होते. ज्यांनी बारा वर्षे ही गाडी सांभाळली, ज्यांना वडील घरच्या माणसासारखे वागवीत, त्यांच्यावर तो आळ किती सहज आला असता! आम्ही त्यांना घरी बोलाविले, आईसमोर चूक कबूल केली आणि उभ्या गाडीच्या दिवसांचाही भत्ता दिला. ते एवढेच म्हणाले, "भैया, काटा पहले लगवा देना."

काम पुरे झाले. नवे हेड, मोठ्या मापाचे सहाही पिस्टन, नवी बेअरिंगे आणि स्वच्छ केलेला रेडिएटर. सारा खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या आत राहिला. पहिल्या फेऱ्या हलक्या मालाच्या केल्या व तेल लवकर बदलले. घेतलेली सर्व मापे आम्ही वडिलांच्याच वहीत, त्यांच्या अक्षराखाली, तारखेसह लिहून ठेवली आहेत. पुढच्या खेपेला ब्लॉक साथ देईलच असे नाही. तेव्हा नवे इंजिन घेताना कोणाचे मन मोडायला नको.

परवा चालक इंदूरला निघाले तेव्हा आम्ही दाराशी उभे होतो. त्यांनी चावी फिरविली, पण गाडी लगेच हलविली नाही. काटा जागचा उठेपर्यंत ते थांबले, आणि मग आमच्याकडे न बघताच निघून गेले.